कापूर, सायक्लोहेक्सेन आणि दोनदा वितळणारे स्फटिक

भौतिक रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या जुन्या वह्यांमध्ये रास्ट पद्धतीचा प्रयोग हमखास सापडतो. अनोळखी पदार्थाचा रेणुभार काढायचा आणि त्यासाठी द्रावक म्हणून पाणी किंवा बेंझीन न घेता चक्क कापूर घ्यायचा, ही कार्ल रास्ट यांनी १९२२ साली मांडलेली युक्ती आहे. दहा ग्रॅम कापरात एक ग्रॅम नॅप्थॅलीन या प्रमाणात मिश्रण वितळवून घेतले, तर कापराचा १७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असणारा द्रवणांक सुमारे तीस अंशांनी खाली येतो. तेवढ्याच संख्येने रेणू दहा ग्रॅम पाण्यात विरघळवले, तर पाण्याचा गोठणबिंदू दीड अंशही उतरत नाही, आणि तो फरक मोजायला बेकमनचा नाजूक तापमापक कपाटातून काढावा लागतो. कापराला साधा तापमापक पुरतो.

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी हा विषय शिकवते, आणि दरवर्षी माझ्या लक्षात येते की या प्रयोगात विद्यार्थी आकडेमोड बिनचूक करतात, पण कापराचा गोठणबिंदू अवनमन स्थिरांक (एक किलो द्रावकात एक मोल पदार्थ विरघळवला की गोठणबिंदू जितके अंश उतरतो तो आकडा) एवढा मोठा का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पाठ्यपुस्तकातले कोष्टकही त्यांना तसे विचारू देत नाही. तिथे पाण्यासमोर १.८६, बेंझीनसमोर ५.१२, सायक्लोहेक्सेनसमोर २०च्या आसपास आणि कापरासमोर ३८ ते ४० असे आकडे ओळीने छापलेले असतात, जणू काही हे आकडे त्या त्या पदार्थाच्या कपाळी लिहूनच आले आहेत. प्रत्यक्षात या एका कोष्टकात घनपदार्थांविषयीची एक मोठी गोष्ट दडलेली आहे आणि ती बेंझीन व सायक्लोहेक्सेन यांची तुलना केली की सर्वांत स्पष्ट दिसते.

दोन्ही सहा कार्बनांच्या वलयाची संयुगे आहेत. दोघांचे रेणुभार ७८ आणि ८४, म्हणजे जवळपास सारखेच. बेंझीन ५.५ अंशांना वितळते आणि सायक्लोहेक्सेन ६.६ अंशांना. म्हणजे गोठणबिंदूच्या अवनमनाच्या सूत्रातला तापमानाचा वर्गही सारखाच आणि रेणुभारही सारखाच. मग स्थिरांकात चौपट फरक पडायला वितळण्याचा उष्मा एवढी एकच गोष्ट उरते. बेंझीनचा एक मोल वितळवायला ९.८७ किलोज्यूल लागतात, तर सायक्लोहेक्सेनला केवळ २.६८ किलोज्यूल पुरतात. हा उष्मा निरपेक्ष तापमानाने भागला की वितळताना वाढणारी एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, मिळते: बेंझीनसाठी ती दर मोलला दर केल्व्हिनला ३५ ज्यूल आणि सायक्लोहेक्सेनसाठी साडेनऊ ज्यूल. कापराचा आकडाही १५च्या घरात आहे. वितळणे म्हणजे व्यवस्थेकडून अव्यवस्थेकडे जाणे असेल, तर सायक्लोहेक्सेनच्या बाबतीत हा प्रवास इतका छोटा कसा, हा खरा प्रश्न आहे. द्रव सायक्लोहेक्सेन काही द्रव बेंझीनहून जास्त शिस्तीचे नसते, तेव्हा घन सायक्लोहेक्सेनच आधीपासून बरेचसे विस्कटलेले असले पाहिजे, एवढाच निष्कर्ष उरतो.

तो निष्कर्ष पडताळून पाहायचा असेल, तर सायक्लोहेक्सेन गोठवून तिथेच न थांबता आणखी थंड करत न्यावे लागते. बर्फाच्या भांड्यात परीक्षानळी धरली की ते थोड्याच वेळात गोठते, आणि जो घन मिळतो तो मेणासारखा मऊ असतो. काचेची कांडी त्यात दाबली, तर तो तडकण्याऐवजी दबतो. आता तापमान खाली नेत राहिले, की १८६ केल्व्हिनला, म्हणजे उणे ८७ अंशांना, आणखी एक अवस्थांतर होते. येथे प्रत्येक मोलमागे ६.७ किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणजे गोठताना पडले होते त्याच्या अडीच पट. एन्ट्रॉपी एका फटक्यात ३६ ज्यूलनी घटते, पदार्थ आकुंचन पावतो, आणि मऊ घनाच्या जागी ताठ, तडे गेलेला घन येतो. शिक्षकाच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट अशी, की कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचाच असतो, त्यामुळे त्याने हे अवस्थांतर आठ-नऊ अंशांनी हुकते आणि द्रवरूप नायट्रोजनला पर्याय राहत नाही. दूधदुभत्याच्या या जिल्ह्यात द्रवरूप नायट्रोजन तसा अपरिचित नाही. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांपर्यंत जातो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत मात्र तो क्वचित पोहोचतो, ही आमच्याकडच्या विज्ञानशिक्षणाची एक गमतीशीर शोकांतिका म्हणावी लागेल.

आता दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. खालच्या अवस्थांतराचे ३६ आणि वितळण्याचे साडेनऊ मिळून ४५-४६ ज्यूल होतात. मिथिलसायक्लोहेक्सेन हे त्याच वलयाला एक मिथिल गट जोडून झालेले संयुग. त्याला मधली अवस्था नाही. ते उणे १२६.६ अंशांना एकदाच वितळते आणि तेव्हा त्याची एन्ट्रॉपी ४६ ज्यूलनी वाढते. स्फटिकाच्या व्यवस्थेपासून द्रवाच्या अव्यवस्थेपर्यंतचा एकूण हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त सायक्लोहेक्सेनने तो दोन टप्प्यांत पुरा केला. स्फटिकातल्या रेणूला दोन प्रकारची शिस्त पाळावी लागते: एक जागेची, म्हणजे जालकातल्या (स्फटिकाच्या नियमित चौकटीतल्या) ठरलेल्या बिंदूवर बसण्याची, आणि दुसरी दिशेची, म्हणजे त्या बिंदूवर ठरलेल्याच बाजूला तोंड करून बसण्याची. बहुतेक पदार्थांत या दोन्ही एकाच तापमानाला मोडतात. गोलसर रेणूंत दिशेची शिस्त आधी मोडते आणि जागेची नंतर. शाहू स्टेडियमवर सामना सुरू व्हायच्या आधी प्रेक्षक आपापल्या जागेवर बसलेले असतात, पण कोणाचे तोंड कोणीकडे असते याला धरबंध नसतो, तशी ही मधली अवस्था आहे. बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ झां तिमरमान्स यांनी १९३०च्या दशकात अशा पदार्थांचा एक वेगळा गट मानला आणि त्यांना सुघट्य (दाबले की न तुटता आकार बदलणारे) स्फटिक म्हटले. ओळखण्यासाठी त्यांनी दिलेली खूण आजही वापरात आहे: वितळतानाची एन्ट्रॉपी दर मोलला दर केल्व्हिनला सुमारे २१ ज्यूलहून कमी असली पाहिजे.

ही अव्यवस्था केवळ उष्म्याच्या हिशेबातून ओळखायची गोष्ट आहे असे नाही. क्ष-किरणांच्या चित्रातून ती तर्काने सिद्धच होते. वरच्या अवस्थेतल्या सायक्लोहेक्सेनचा स्फटिक घनीय आहे, म्हणजे त्यातल्या प्रत्येक रेणूच्या जागेला घनाची पुरेपूर सममिती आहे, चौपदरी अक्षांसकट (ज्यांच्याभोवती नव्वद अंशांनी वळवले तरी रचना तशीच दिसते). सायक्लोहेक्सेनचा रेणू खुर्चीच्या आकाराचा असतो आणि त्याला तीनपदरी अक्ष आहे. चौपदरी अक्ष त्याच्यात कुठेही नाही. कमी सममितीची वस्तू जास्त सममितीच्या जागेवर बसलेली दिसत असेल, तर त्याचा अर्थ एकच होऊ शकतो: वेगवेगळ्या जागांवरचे रेणू वेगवेगळ्या दिशांना वळलेले आहेत, आणि क्ष-किरणांना त्या सगळ्यांची सरासरी दिसते आहे. खालच्या अवस्थेत हा डौल जातो, स्फटिक एकनताक्ष, म्हणजे कमी सममितीचा, होतो, आणि प्रत्येक रेणूची दिशा ठरलेली असते. मला स्वतःला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण त्यात क्ष-किरणांच्या चित्रापलीकडे कुठलेही उपकरण न वापरता केवळ सममितीच्या नियमावरून रेणूंची बेशिस्त उघडी पडते.

ॲडमॅन्टेनच्या बाबतीत तर ही बेशिस्त मोजताही येते, निदान कागदावर. दहा कार्बनांचा हा पिंजऱ्यासारखा रेणू १९३३ साली त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील होदोनीन येथील खनिज तेलात सापडला. २०८.६ केल्व्हिनच्या वर त्याचा स्फटिक घनीय असतो आणि त्यातला प्रत्येक रेणू दोनच दिशांपैकी एका दिशेत असू शकतो. दोन पर्यायांची एन्ट्रॉपी बोल्ट्झमनच्या सूत्राने ५.८ ज्यूल येते. मोजलेला आकडा मात्र १६ ज्यूलच्या पुढे आहे. विद्यार्थ्यांना इथे वाटते की सूत्र चुकले. सूत्र बरोबरच आहे, पण दिशा मोकळ्या होताना स्फटिक फुगतो, रेणूंमधले बंधन सैल पडते, जालकाची कंपने मंदावतात, आणि त्या सैलपणाचीही एन्ट्रॉपी असते. दिशांचे पर्याय मोजून सगळा हिशेब जुळतो असे सांगणारी पुस्तके हा भाग सोयीस्करपणे गाळतात.

दिशा मोकळ्या होतात म्हणजे नेमके काय होते, यावर सुरुवातीला दोन मते होती. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३० साली असे सुचवले की ठरावीक तापमानाच्या वर रेणू स्फटिकात मोकळेपणाने फिरू लागतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांचे म्हणणे वेगळे होते: रेणू फिरत नाहीत, ते निरनिराळ्या ठरावीक दिशांमध्ये विखुरलेले असतात. दाट रचलेल्या स्फटिकात शेजाऱ्यांना न घासता भिंगरीसारखे फिरणे बहुतेक रेणूंना शक्य नाही, त्यामुळे निकाल बहुतांशी फ्रेंकेल यांच्या बाजूने लागला. वलयी संयुगांच्या सुघट्य अवस्थेत रेणू एका दिशेत थांबतो, तिथल्या तिथे थरथरतो, आणि मग एकदम दुसऱ्या दिशेत उडी घेतो. नेहमीच्या तापमानाला ॲडमॅन्टेनमध्ये हा थांबा सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही छोटा असतो.

या उड्या पाहण्याचे साधन दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाले, ते म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदन (एनएमआर). रेणू स्थिर असला की घनपदार्थातल्या हायड्रोजनची संकेतरेषा रुंद येते आणि तो वेगाने वळू लागला की ती अरुंद होते. अँड्र्यू आणि ईड्स या संशोधकांनी १९५३ साली बेंझीन व सायक्लोहेक्सेन या दोघांवर हे प्रयोग केले, आणि त्यांतून निघालेली गोष्ट मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते.

बेंझीनची रेषा ९० ते १२० केल्व्हिनच्या दरम्यान अरुंद झाली. म्हणजे द्रवणांकाच्या जवळपास दीडशे अंश खालीच घन बेंझीनमधले रेणू आपल्या प्रतलात वळत होते! वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे बेंझीन हा शिस्तीचा स्फटिक आहे, त्याला सुघट्य अवस्था नाही, मग हे कसे? याचे उत्तर रेणूच्या आकारात आहे. बेंझीनचे वलय साठ अंशांनी वळले, की ते पहिल्यासारखेच दिसते. कोणता कार्बन कुठे गेला हे स्फटिकाला ओळखता येत नाही. उडी झाली, पण नवी रचना तयार झाली नाही, आणि जिथे नवी रचना नाही तिथे एन्ट्रॉपी वाढण्याचे कारण नाही. सायक्लोहेक्सेनमध्येही असेच दिसले: १८६ केल्व्हिनच्या अवस्थांतराच्या पुष्कळ आधी, शिस्तीच्या खालच्या अवस्थेतच, रेणू आपल्या तीनपदरी अक्षाभोवती वळू लागलेले होते. अवस्थांतरानंतर ते इतर दिशांनाही वळू लागले आणि २२० केल्व्हिनच्या पुढे तर आपली जागा सोडून जालकातल्या जालकात सरकू लागले. हालचाल आणि अव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात आपण त्या सर्रास एकच मानून शिकवतो.

गोलसरपणाची किंमत किती असते, हे द्रवणांकांवरून कळते. सहा कार्बनांचे सरळ हेक्सेन उणे ९५ अंशांना वितळते आणि त्याचेच वलय झाले की ६.६ अंशांना. दहा कार्बनांचे सरळ डेकेन उणे ३० अंशांना, तर ॲडमॅन्टेन बंद नळीत २७० अंशांच्या आसपास. इथे आकर्षण वाढलेले नसते. सुघट्य स्फटिकाला वितळून मिळवण्यासारखे फारसे शिल्लक राहिलेले नसते, म्हणून तो वितळायची घाई करत नाही. हाच गोलसरपणा बिघडवायला एक मिथिल गट पुरेसा होतो, हे मिथिलसायक्लोहेक्सेनच्या १३३ अंशांनी कोसळलेल्या द्रवणांकात दिसले आहेच. पाच कार्बनांचे सायक्लोपेंटेन याबाबत आणखी एक पायरी जास्त चढते: १२२ आणि १३८ केल्व्हिनला दोन अवस्थांतरे, आणि मग १८० केल्व्हिनला वितळणे.

कापराकडे परत यावे, कारण तो सगळ्यांच्या हाताळणीतला आहे. महाद्वार रोडवरच्या पूजासाहित्याच्या दुकानातून आणलेली कापराची वडी आणि कपाटातली नॅप्थॅलीनची गोळी शेजारी ठेवून दोन्हींवर नख दाबून पाहावे. नॅप्थॅलीनचा कपचा उडतो, कापरावर खळगा पडतो. नॅप्थॅलीन वितळतानाची एन्ट्रॉपी ५४ ज्यूल आहे आणि त्याचे चपटे रेणू एकमेकांत घट्ट रचलेले असतात. कापराचे गोलसर रेणू एकमेकांवरून घसरतात. खलात नुसता कापूर घालून बारीक करू लागले, तर त्याची भुकटी होण्याऐवजी तो बत्त्याला चिकटत, दबत राहतो. औषधनिर्माणशास्त्रात यावर जुना उपाय आहे: अल्कोहोलचे काही थेंब टाकायचे आणि मग खलायचे, म्हणजे तो सुटसुटीत भुकटी होतो आणि अल्कोहोल उडून जाते. कापूर वितळतो १७८ अंशांना आणि उकळतो २०९ अंशांना. म्हणजे द्रव कापराला जगायला तीस अंशांचीच मुदत आहे. डबीतला कापूर न वितळताच उडून जातो, यामागेही हेच आहे.

कापराची आणखी एक खुबी क्वचितच सांगितली जाते. त्याचा रेणू उजवा आणि डावा अशा दोन प्रतिबिंबरूपांत असतो. टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेल्या कापरात दोन्ही निम्मे-निम्मे असतात. बहुतेक पदार्थांमध्ये उजवे-डावे रेणू ठरावीक जोड्यांनी रचले जातात किंवा वेगवेगळे स्फटिक करतात. कापराच्या सुघट्य अवस्थेत मात्र ते कोणत्याही प्रमाणात एकाच जालकात मिसळतात. सतत दिशा बदलणाऱ्या रेणूचा हात कोणता, हे शेजाऱ्याला कळायला वेळच मिळत नाही. थंड करत नेले, की हा समजूतदारपणा संपतो आणि शुद्ध उजव्या कापराची व मिश्र कापराची वागणूक वेगळी होते.

शेवटी सायक्लोहेक्सॅनॉल, म्हणजे सायक्लोहेक्सेनच्या वलयाला एक OH गट जोडून झालेले संयुग. हा पदार्थ कोल्हापूरच्या हवेसाठीच जन्मला असावा असे मला कधी कधी वाटते, कारण त्याचा द्रवणांक २५ अंशांच्या जवळ आहे. एप्रिलमध्ये बाटलीतून ओतता येणारा हा दाटसर द्रव डिसेंबरच्या सकाळी घट्ट झालेला असतो. आमच्या प्रयोगशाळेतले मामा थंडीत एकदा तरी बाटली उलटी करून दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, थिजलीया बघा." थिजलेले ते सायक्लोहेक्सॅनॉल सुघट्य स्फटिकच असते. पावसाळ्यात मात्र बाटलीचे झाकण नीट लागलेले नसेल, तर हवेतला ओलावा ते शोषून घेते, आणि पुढच्या थंडीत ते गोठतच नाही. त्याचा गोठणबिंदू अवनमन स्थिरांक कापराइतकाच, म्हणजे ४०च्या आसपास आहे. वजनाने एक टक्का पाणी शिरले, तरी हिशेबाने गोठणबिंदू वीस अंशांहून जास्त खाली जातो. न थिजणारी बाटली ही ओली बाटली, एवढी परीक्षा त्या दिवसांत पुरेशी असते.

खरी नवलाची गोष्ट त्याच्या खालच्या तापमानाला घडते. सावकाश थंड केले, तर २६५ केल्व्हिनच्या सुमारास हे सुघट्य स्फटिक शिस्तीच्या अवस्थेत जाते. पण झपाट्याने थंड केले, तर हायड्रोजन बंधांमुळे रेणूंना वळून जागेवर यायला सवड मिळत नाही, आणि ते अवस्थांतर चुकवून तसेच खाली जातात. सुमारे १५० केल्व्हिनला त्यांच्या उड्या थांबतात आणि ज्या त्या रेणूची ज्या त्या क्षणी असलेली दिशा तशीच गोठून राहते. जालक शाबूत असते, सगळे रेणू आपापल्या बिंदूवर असतात, तरीही उष्माधारकतेच्या आलेखात काचेमध्ये दिसते तशी पायरी दिसते. ओसाका विद्यापीठातील सेकी, सुगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली सायक्लोहेक्सॅनॉलवर हे काटेकोर मोजमाप केले आणि या अवस्थेला काचरूप स्फटिक असे नाव दिले. निरपेक्ष शून्याकडे जाताना अशा स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य होत नाही. मोडलेली दिशा तिथेही शिल्लक राहते. बेंझीनमध्ये उड्या होत्या आणि अव्यवस्था नव्हती. इथे अव्यवस्था पुरेपूर आहे आणि एकही उडी नाही. या वर्षीपासून मी रास्ट पद्धतीच्या प्रयोगाला जोडून हे दोन पदार्थ शेजारी ठेवूनच शिकवणार आहे, आणि तोंडी परीक्षेत स्थिरांकाचा आकडा विचारणार नाही, तर तो चाळीस का आहे ते विचारणार आहे.